एसीचं बाहेरचं युनिट दहा मिनिटांत बंद, एरर कोड नाही. गॅस, पीसीबी (कंट्रोल बोर्ड) की सेन्सर?

करवीर_कट्टा
दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, आर-३२ गॅस, पाच वर्षं जुना. राजारामपुरीत दुसरा मजला, आऊटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर. २४ वर लावला की आठ-दहा मिनिटं हवा मस्त गार येते, मग बाहेरचं युनिट गप्प. आतला पंखा चालूच. टेबलावरचं थर्मामीटर तेव्हा २८-२९ दाखवतं, म्हणजे तापमान गाठून थांबला म्हणावं तर तसंही नाही. बऱ्याच वेळानं परत सुरू होतो, परत तेच. डिस्प्लेवर कोड नाही, दिवा लुकलुकत नाही. फिल्टर धुतलेला आहे.

एक मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे, भरून टाकू. दुसरा म्हणतो पीसीबी गेला. मला सेन्सरचा संशय येतोय. पण सेन्सर गेला असेल तर कोड यायला नको का? घरात मल्टीमीटर आहे, वापरता येतो. नेमकं काय आणि कसं मोजायचं?

तांबडापांढरा
मिसळीचा कट वाढवून मागावा, एसीत गॅस वाढवून मागू नये. बाकी जाणकार सांगतीलच.

मीटरवाला
सेन्सर बिघडला की कोड येतोच, हा समज निम्माच खरा आहे.

हे सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. तापमान चढलं की रेझिस्टन्स उतरतो, तापमान उतरलं की रेझिस्टन्स चढतो. बोर्डावर एक ठरावीक रेझिस्टर असतो. तो आणि थर्मिस्टर मिळून ५ व्होल्ट (काही बोर्डांत ३.३) वाटून घेतात आणि मधला व्होल्टेज प्रोसेसर वाचतो. वायर तुटली की वाचन एका टोकाला जातं, शॉर्ट झाली की दुसऱ्या टोकाला. अशा टोकाच्या वाचनालाच कोड येतो. सेन्सर नुसता सरकला असेल, म्हणजे खरे २८ असताना १८ सांगत असेल, तर बोर्डाला त्यात काहीच गैर दिसत नाही. १८ हे होऊ शकणारं तापमान आहे, मग तो कशाला तक्रार करेल?

आतल्या युनिटात सहसा दोन सेन्सर असतात. रूम सेन्सर कॉइलच्या पुढं प्लास्टिकच्या पकडीत, परतीच्या हवेत असतो. त्याचं डोकं थेंबासारखं, काळं किंवा तपकिरी. पाइप सेन्सरचं डोकं तांब्याचं, कॉइलच्या कडेला चिकटवलेल्या छोट्या तांब्याच्या नळीत खुपसलेलं आणि पातळ स्प्रिंगच्या क्लिपनं दाबलेलं. बाहेर आणखी दोन-तीन: बाहेरच्या हवेचा, बाहेरच्या कॉइलचा आणि कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज पाइपचा (कॉम्प्रेसरमधून तापलेला गॅस ज्यातून बाहेर पडतो तो).

तुमच्या लक्षणावरून माझा पहिला संशय पाइप सेन्सरवर. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून त्याचं वाचन शून्याच्या आसपास आलं की बोर्ड कॉम्प्रेसर थांबवतो. नॉर्मल चालताना कॉइल ८ ते १२ अंशांवर असते. सेन्सर सात-आठ अंश थंडीकडं सरकला असेल तर कॉइल ठणठणीत असतानाही बोर्डाला बर्फ धरल्यासारखं वाटणार. हे संरक्षणाचं नेहमीचं काम म्हणून धरलं जातं, बिघाड म्हणून नाही. त्यामुळं बऱ्याच मॉडेलांत कोड येतच नाही.

साधी_वायर
> तुमच्या लक्षणावरून माझा पहिला संशय पाइप सेन्सरवर

थांबा जरा. गॅस खरोखर कमी असला तरी हेच होतं. गॅस कमी म्हणजे कॉइलमधला दाब कमी, दाब कमी म्हणजे कॉइलच्या सुरुवातीच्या भागात तापमान खरंच शून्याखाली. पाइप सेन्सर बऱ्याचदा त्याच भागाजवळ असतो. तो खरं सांगतो आणि बोर्ड बरोबर थांबवतो. अशा वेळी सेन्सर बदलून काही उपयोग नाही. मेकॅनिकला लगेच चोर ठरवू नका.

मीटरवाला
मान्य. म्हणूनच आधी मोजायचं. पण मोजण्याआधी नुसत्या डोळ्यांनीही बरंच कळतं. फ्रंट पॅनल उघडून, फिल्टर काढून एसी चालवा आणि बंद पडायच्या वेळी टॉर्च मारून कॉइल बघा. गॅस कमी असेल तर कॉइलच्या एका भागात पांढरं दव किंवा बर्फ आणि उरलेला भाग कोरडा. बाहेर व्हॉल्व्हवर बारीक पाइपच्या नटाला बर्फ. उलट पूर्ण कॉइल सारखी ओली असेल, बर्फाचा मागमूस नसेल आणि तरीही युनिट थांबत असेल, तर गॅसकडून वळून सेन्सरकडं या.

शाहूपुरी_गल्ली
अजून एक. जाळीत जाणारी हवा आणि खालून येणारी हवा, दोन्हींचं तापमान एकाच थर्मामीटरनं घ्या. कॉम्प्रेसर चालू असताना फरक ८ ते १२ अंश असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता फारच थोडी. फक्त दमट दिवशी फरक कमी दिसतो, कारण निम्मी ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते. आपल्याकडं जुलैत घेतलेलं माप एप्रिलच्या मापाशी लावू नका.

आणि अँपिअर बघून गॅस कमी सांगणाऱ्याला विचारा, इन्व्हर्टर कुठल्या हर्ट्झवर (म्हणजे किती स्पीडला) चालू होता? जुन्या फिक्स स्पीड एसीला तो हिशेब लागू होता. इन्व्हर्टर स्वतःच स्पीड कमी करतो, अँपिअर कमी दिसणारच.

रंकाळा_वारा
माझी बायको रिमोट कपाटात ठेवते, त्यामुळं असं होतं का? हसू नका, मेकॅनिकनं खरंच विचारलं.

शाहूपुरी_गल्ली
हसण्यासारखं नाही, बरोबर विचारलं. बऱ्याच कंपन्यांच्या रिमोटमध्ये 'आय फील' किंवा 'फॉलो मी' असं बटण असतं. ते चालू असेल तर एसी स्वतःचा रूम सेन्सर सोडून रिमोटमधल्या सेन्सरचं तापमान घेतो. रिमोट हवेच्या झोतात असेल तर एसी लवकर थांबतो, उन्हाच्या खिडकीत असेल तर थांबतच नाही. डिस्प्लेवर माणसाच्या आकृतीचं किंवा तसलं चिन्ह दिसलं तर आधी ते बंद करा, मग बाकीचं.

तसंच एसीच्या वर लॉफ्ट किंवा समोर कपाट. वर निदान १५ सेंमी मोकळं हवं, समोर तर त्याहून बरंच. नाहीतर बाहेर पडलेली गार हवा कपाटावर आपटून परत जाळीत शिरते आणि रूम सेन्सरला वाटतं खोली गार झाली. सेन्सर ठणठणीत, जागा चुकीची.

करवीर_कट्टा
रिमोटमध्ये तसलं चिन्ह नाही. वर हातभर जागा आहे, समोर मोकळं. कॉइल बघितली: पूर्ण ओली, बर्फ कुठंच नाही. जाळीशी २९, खाली १८. व्हॉल्व्हवर बर्फ नाही. आता मोजायचं कसं ते सांगा. दोन्ही सेन्सर १० केचे (२५ अंशांना १० किलो-ओहम) आहेत, सर्व्हिस शीटवर लिहिलंय.

मीटरवाला
दोन्ही १० केचे असतील तर काम सोपं.

रिमोटनं बंद करून चालणार नाही, एमसीबी पाडा. दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टरच्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो. मग फ्रंट पॅनल, खालच्या पट्टीचे स्क्रू, उजव्या हाताच्या पीसीबीच्या डब्याचं झाकण. काहीही उपसण्याआधी फोटो काढा. सेन्सरचे प्लग पांढरे, दोन पिनांचे. काही मॉडेलांत दोन्ही सेन्सर मिळून एकच चार पिनांचा प्लग असतो. प्लगवर सिलिकॉन किंवा गरम गोंद लावलेला असतो, तो कटरनं हळू सोडवा. प्लग धरून ओढायचा, वायर धरून नाही. पिना क्रिंपमधून निसटतात आणि मग सेन्सर चांगला असूनही मीटर ओपन (वायर तुटल्यासारखं) दाखवतो.

मीटर २० केच्या रेंजवर. प्लग बोर्डातून काढूनच मोजा, नाहीतर बोर्डावरचा रेझिस्टर समांतर येऊन आकडा खोटा येतो. प्रोबच्या टोकांना दोन्ही हातांची बोटं लावू नका. अंगाचा रेझिस्टन्सही समांतर धरला जातो आणि मोठ्या आकड्यांत तो खुपतो.

१० के, बी ३९५० च्या थर्मिस्टरला (बी म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्यानं बदलतो त्याचा आकडा) साधारण असे आकडे येतात: २० अंशांना १२.५ के, २५ ला १०, ३० ला ८, ३५ ला साडेसहा, ४० ला ५.३. थंडीकडं १० अंशांना २० के आणि शून्याला ३३ च्या आसपास. बी वेगळा असेल तर दोन्ही टोकांना आकडे थोडे हलतात, २५ ला मात्र १० च.

एसी तीन-चार तास बंद ठेवून सकाळी दोन्ही सेन्सर जागेवरच मोजा. तोवर कॉइल आणि हवा एकाच तापमानाला आलेली असते. दोन्ही सारख्या जातीचे असतील तर आकडेही जवळपास सारखे यायला हवेत. अर्ध्या केचा फरक चालेल. तीन-चार केचा फरक म्हणजे कोणीतरी एक खोटं बोलतोय.

गुऱ्हाळ
आणि मुठीत धरायचं विसरू नका! डोकं बोटांत धरलं की आकडा सावकाश, सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर डोक्याच्या मुळाशी वायर आतून तुटलीय. वायर हलवूनही बघा. कधीतरीच बंद पडणाऱ्या एसीत हा एक नंबरचा संशयित.

साधी_वायर
खोलीच्या तापमानाला बरोबर आणि थंडीत चूक, असे पाइप सेन्सर असतात. डोक्याच्या आत ओल शिरली की तसं होतं. त्यामुळं बर्फाची चाचणी टाळू नका. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणा, बारीक ठेचा, त्यात थोडंच पाणी घाला. पाण्यात तरंगणारे चार तुकडे चालणार नाहीत, ते पाणी ४-५ अंशांवर असतं. सेन्सरचं डोकं पातळ प्लॅस्टिक पिशवीत घालून लगद्यात खुपसा, ढवळत राहा, पाच मिनिटं द्या. मीटर आता २०० केच्या रेंजवर. १० केचा असेल तर ३३ च्या आसपास, ५ केचा असेल तर त्याच्या निम्मा.

बावड्याची_ताई
आमच्याकडं उलटा प्रकार. एसी थांबतच नाही. १६ वर लावल्यासारखी खोली गार होते, २६ वर ठेवला तरी. नुकताच सेन्सर बदललाय. बदलणारा म्हणाला 'युनिव्हर्सल' आहे, सगळ्याला बसतो.

मीटरवाला
ताई, बसतो, पण चालत नाही. १० केच्या जागी ५ केचा बसवला असेल तर नेमकं हेच होतं. २५ अंशांना ५ केचा सेन्सर ५ के देतो आणि बोर्ड ते १० केच्या हिशेबानं वाचतो. त्या हिशेबात ५ के म्हणजे साधारण ४१ अंश. खोली भट्टी झालीय असं समजून कॉम्प्रेसर थांबणार कशाला? उलट, ५ केच्या जागी १० केचा लावला तर २५ अंशांच्या खोलीत बोर्डाला १० अंश दिसतात आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. दोन्ही वेळा कोड येत नाही.

कंपनीप्रमाणे आकडे बदलतात. एलजीमध्ये रूम १० के आणि पाइप ५ के हे नेहमीचं. ग्रीच्या घडणीच्या एसीत रूम १५, पाइप २०, डिस्चार्ज ५०. डायकिनमध्ये आतले बहुतेक २० के. म्हणून दुकानात जाताना जुना सेन्सर घेऊन जा, खोलीच्या तापमानाला मोजलेला आकडा आणि ते तापमान दोन्ही चिठ्ठीवर लिहून.

बावड्याची_ताई
जुना तो घेऊन गेला.

तांबडापांढरा
घेऊन जाणारच की. पुरावा कोण ठेवतंय!

मीटरवाला
मग मॉडेल नंबरवरून सर्व्हिस मॅन्युअल शोधा किंवा बोर्ड बघा. सेन्सरच्या सॉकेटजवळ मघाशी सांगितलेला तो ठरावीक रेझिस्टर असतो, बऱ्याचदा सेन्सरच्या २५ अंशांच्या आकड्याच्या आसपासचा. १० केच्या सेन्सरला तिथं १० के, १५ च्याला १५, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. पक्का नियम नाही, पण अंदाजाला पुरतं.

पन्हाळ_पायथा
कोड येणाऱ्यांसाठी. डायकिनच्या रिमोटवर कॅन्सल बटण पाच सेकंद दाबून धरायचं, ०० लुकलुकेल. मग कॅन्सल एकेक करत दाबायचं. चुकीच्या कोडवर छोटा बीप, बरोबर कोडवर लांब बीप. सी ९ म्हणजे आतल्या हवेचा सेन्सर, सी ४ आतल्या कॉइलचा, एच ९ बाहेरच्या हवेचा, जे ३ डिस्चार्ज पाइपचा, जे ६ बाहेरच्या कॉइलचा. यू ० आला तर गॅस कमी. ग्रीच्या बोर्डात एफ १ ते एफ ५: आतली हवा, आतली कॉइल, बाहेरची हवा, बाहेरची कॉइल, डिस्चार्ज, याच क्रमानं. एका कंपनीचा तक्ता दुसऱ्या कंपनीला लावू नका. ई १ चा अर्थ प्रत्येकाकडं वेगळा.

साधी_वायर
आणि सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच गेला असंही नाही. प्लग हललेला असतो, पिना हिरव्या झालेल्या असतात, नाहीतर बोर्डावरचा रेझिस्टर उडालेला असतो. खात्रीची युक्ती: सेन्सरचा प्लग काढून त्या सॉकेटमध्ये १० केचा साधा रेझिस्टर लावा (तपकिरी-काळा-केशरी). १० केच्या सेन्सरचा बोर्ड असेल तर त्याला २५ अंश दिसले पाहिजेत आणि कोड गेला पाहिजे. गेला तर सेन्सर खराब. तसाच राहिला तर बोर्ड. रूम सेन्सरच्या जागी ८.२ के लावला तर बोर्डाला साधारण साडेएकोणतीस अंश दिसतात, मग २० वर सेट करून कॉम्प्रेसर सुरू होतो का ते बघता येतं.

ही फक्त तपासणी, दुरुस्ती नव्हे. पाइप सेन्सरच्या जागी रेझिस्टर ठेवून एसी वापरायचा नाही. बर्फापासूनचं संरक्षण गेलेलं असतं. कॉइलवर बर्फ साठला की द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो आणि त्याची वाट लागते. बाजारात असं 'जुगाड करून दिलेले' एसी फिरतात.

मीटरवाला
वरच्याला जोड, आणि ही गोष्ट जपून वाचा. हे प्रयोग आतल्या युनिटवरच. बऱ्याच इन्व्हर्टर एसींच्या बाहेरच्या बोर्डावर सेन्सरची ५ व्होल्टची बाजू मेनपासून वेगळी केलेली नसते. सेन्सरच्या पिनेवर हात लावला तर २३० चा झटका बसू शकतो. बाहेरचा सेन्सर फक्त पुरवठा बंद, थांबून, प्लग काढून, रेझिस्टन्सवरच मोजा. चालू बोर्डावर व्होल्टेज मोजायचं काम माहितगाराचं.

कसबा_कारभारी
बाहेरचा सेन्सर घरच्या घरी तपासता येतो का? आमचा एसी दुपारी कॉम्प्रेसरचा स्पीड कमी करतो, संध्याकाळी नीट.

शाहूपुरी_गल्ली
दुपारी कमी आणि संध्याकाळी नीट म्हटल्यावर सेन्सरआधी बाहेरची कॉइल धुवा. उसाचा हंगाम सुरू असताना पाचट पेटवलं की काजळी उडत येते आणि पंखा ती कॉइलच्या मागच्या बाजूला ओढून घेतो. शिरोली, उद्यमनगरकडं त्यात फाउंड्रीची धूळ. बाहेरून कॉइल स्वच्छ दिसते, मागं नमद्यासारखा थर असतो. उष्णता बाहेर जात नाही, डिस्चार्ज पाइप तापतो आणि तो सेन्सर इमानदारीत बोर्डाला सांगतो. ११० अंशांच्या आसपास बोर्ड आधी स्पीड कमी करतो, नंतर थांबवतो. एमसीबी पाडून, आतून बाहेर साध्या पाण्याच्या धारेनं धुवा. प्रेशर गनचा झोत जवळून मारला तर ॲल्युमिनियमची पाती वाकतात.

त्यानंतरही तसंच राहिलं तर बाहेरच्या हवेचा सेन्सर बघा. तो कॉइलच्या मागं प्लास्टिकच्या क्लिपवर, कॉइलपासून थोडा सुटा असतो. क्लिप उन्हानं कडक होऊन मोडली की सेन्सर कॉइलला टेकतो आणि बाहेर ३६ असताना ५० सांगतो.

पन्हाळ_पायथा
डिस्चार्ज सेन्सर तपासायला उकळतं पाणी. फक्त कोल्हापुरात पाणी १०० ला उकळत नाही, आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहोत, इथं ९८ धरा. ५० केचा सेन्सर तिथं साडेतीन ते चार के देतो. २५ ला ५० के बरोबर आणि उकळत्या पाण्यात ६-७ के येत असेल तर तो पाइप खरा तापलेला असताना थंड सांगतोय. ही सगळ्यात महाग चूक, कारण कॉम्प्रेसर जळेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

रंकाळा_वारा
पुरात बुडालेल्या आऊटडोअरचं काय? २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला परत आलं. तळमजल्याचे किती युनिट गेले असतील.

गुऱ्हाळ
बुडालेल्या युनिटात सेन्सर ही शेवटची काळजी. पण वाळवून पुन्हा चालू केलेले पुष्कळ आहेत, त्यांच्यात नंतर दिसतं ते असं: पुराच्या पाण्यातला गाळ प्लगमध्ये राहतो, पावसाळी हवेत ओल धरतो आणि दोन पिनांमध्ये गळती सुरू होते. गळती म्हणजे समांतर रेझिस्टन्स, म्हणजे आकडा कमी, म्हणजे बोर्डाला खऱ्यापेक्षा गरम दिसतं. उलट पिना गंजल्या तर रेझिस्टन्स मालिकेत वाढतो आणि बोर्डाला खऱ्यापेक्षा थंड दिसतं. पावसाळ्यात बिघाड आणि उन्हाळ्यात आपोआप बरा, असं असेल तर गळती. हेअर ड्रायरनं प्लग सुकवून, गार होऊ देऊन आकडा बघा. आकडा बदलला तर नवा सेन्सर नको, प्लग साफ करा.

कसबा_कारभारी
स्टॅबिलायझर लावला तर सेन्सर टिकतात का? दुकानदार तसं म्हणाला.

साधी_वायर
नाही. सेन्सरला ५ व्होल्टच मिळतात, बाहेर २३० असो वा २६०. स्टॅबिलायझर पीसीबीसाठी लावायचा तर लावा, सेन्सरशी त्याचा संबंध नाही. सेन्सर मरतो ओल, उंदीर आणि सर्व्हिसिंगवाल्या पोराच्या हातानं.

तांबडापांढरा
शेवटचा सगळ्यात धोकादायक.

शाहूपुरी_गल्ली
विनोद सोडा, ते खरंच आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर जेट सर्व्हिस (पाण्याच्या झोतानं धुणं) करताना पाइप सेन्सर नळीतून बाहेर येतो आणि परत घालायचा राहतो. मग तो कॉइलऐवजी हवेचं तापमान सांगतो. कॉम्प्रेसर चालू होऊन काही मिनिटं झाली तरी कॉइल थंड झाल्याचं दिसत नाही, तेव्हा काही बोर्ड 'गॅस गळतोय' असा कोड देऊन थांबतात. गॅस पूर्ण भरलेला, सेन्सर चांगला, आणि बिल मात्र गॅस भरल्याचं. तक्रार सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाली असेल तर आधी सेन्सर नळीत आहे का ते बघा.

करवीर_कट्टा
मोजलं. रात्रभर एसी बंद होता, खोलीत २८. रूम सेन्सर ८.७ के. पाइप सेन्सर १३.३ के. दोनदा मोजलं, तेच. मुठीत धरल्यावर दोन्ही उतरतात, उडी नाही. बर्फात रूम सेन्सर ३२.८, पाइप सेन्सर ५० च्या थोडा वर. पाइप सेन्सर नळीत पूर्ण आत होता. प्लगच्या पिना चकचकीत आहेत.

मीटरवाला
सापडला. २८ अंशांना पावणेनऊ के यायला हवा, तुमचा रूम सेन्सर बरोबर बोलतोय. १३.३ के म्हणजे बोर्डाला साडेअठरा अंश दिसतात. बर्फात ५० के म्हणजे शून्याला उणे सात. कॉइल खरी ८ वर आली की बोर्डाला ती १ वर दिसते. चालू होऊन आठ-दहा मिनिटांत कॉइल तिथं पोचते आणि संरक्षण लागतं. परत सुरू व्हायला वेळ का लागतो तेही यात आलं: बोर्डाला कॉइल ८-१० वर आलेली दिसायला ती खरी १५ च्या वर जावी लागते.

साधी_वायर
मीही आता सेन्सरच म्हणेन. दोन्ही तापमानांना आकडा साधारण दीडपट येतोय, म्हणजे थर्मिस्टरच म्हातारा झालाय. पिना गंजल्या असत्या तर दोन्हीकडं सारखेच के वाढले असते, साडेचार-पाच. इथं २८ ला साडेचार आणि बर्फात सतरा वाढलेत.

शाहूपुरी_गल्ली
आता घेताना तीन गोष्टी बघा. १० के आणि बी ३९५० (किंवा शीटवर असेल तो). डोकं तांब्याचं, आणि जाडी जुन्याइतकीच. जाड असेल तर नळीत जात नाही, बारीक असेल तर सैल बसून हवेचं तापमान मिसळतं. वायर जुन्याइतकी लांब. प्लग जुळला नाही तर जुनाच प्लग ठेवा: जुनी वायर प्लगपासून वीतभर ठेवून कापा आणि नवी तिला जोडा. थर्मिस्टरला प्लस-मायनस नसतं, कुठलीही वायर कुठंही. फक्त नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका. सोल्डर करा, प्रत्येक वायरवर वेगळी हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि दोन्हींवर मिळून एक. जोड कॉइलच्या पाण्यापासून दूर, पीसीबीच्या डब्याच्या बाजूला. डब्यात शिरण्याआधी वायरला खाली एक लोंबता बाक द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतो.

करवीर_कट्टा
शाहूपुरीत मिळाला. दुकानदारानं आधी ५ के दिला होता, काउंटरवरच मीटर लावून परत केला. डोक्याची जाडी तंतोतंत. बसवला. आता चालू होऊन अर्ध्या तासावर झाला, थांबला नाही. स्पीड मात्र हळूहळू कमी झाला, खोली २५ वर आली. जुनी क्लिप जरा पसरली आहे, तीच वापरलीय. चालेल?

मीटरवाला
स्पीड कमी होणं बरोबर, इन्व्हर्टरचं कामच ते. क्लिप पसरलीय तर काढून पक्कडीनं जराशी आवळा, डोकं नळीच्या भिंतीला एका बाजूनं घट्ट टेकलं पाहिजे. वायर खालच्या दिशेनं बाहेर येऊ द्या, वरून आली तर पाणी वायरवरून नळीत उतरतं आणि दोन पावसाळ्यांत हाही सेन्सर तसाच होईल. आणि बावड्याच्या ताई, तुमच्या बोर्डाचा फोटो टाका. सॉकेटजवळचा रेझिस्टर दिसला तर आकडा सांगतो.